काळजाचा ठोका आणि मनाचे औषध

मराठीतला ‘काळीज’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. पण भीतीने ठोका चुकतो तो काळजाचाच, आणि दुःखाने तुटते तेही काळीजच. यकृत, हृदय आणि मन या तिघांना भाषेने एका शब्दात नांदवले. आधुनिक वैद्यकाने त्यांची तीन विभागांत, तीन तज्ज्ञांकडे वाटणी केली. ही वाटणी सोयीची आहे. पण हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर आणि नैराश्यावर एकाच वेळी औषधे घेणाऱ्या माणसाच्या शरीरात ती टिकत नाही.

याचा पहिला पुरावा नैराश्यावरील सुरुवातीच्या औषधांपैकी एकानेच दिला. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा वापर केला आणि १९५७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. सत्तरच्या दशकात अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आले, की या औषधाने हृदयाचे जादा, अवेळी पडणारे ठोकेही कमी होतात. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण आत सोडणारी जी सूक्ष्म दारे असतात, ती हे औषध काही अंशी अडवते. ठोक्यांवरील फ्लेकेनाइडसारखी औषधेही तेच करतात. त्यामुळे ऐंशीच्या दशकात इमिप्रामिनची प्राथमिक चाचणी चक्क ठोक्यांचे औषध म्हणून, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडच्या जोडीने झाली.

पुढच्या मोठ्या चाचणीत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड गेली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांचे जादा ठोके या औषधांनी आटोक्यात आले होते, त्यांनाच तिच्यात घेतले होते. तरी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे धक्कादायक होते : औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजीची रेघ सुधारली म्हणजे हृदय सुरक्षित झाले, हा समज तिथे कोसळला. इमिप्रामिनच्या गटातील नैराश्यावरील औषधांकडेही हृदयरुग्णांच्या बाबतीत संशयाने पाहिले जाऊ लागले.

नवी औषधे या बाबतीत पुष्कळ सौम्य आहेत. पण दुसरे एक दार उरतेच. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर यावे लागते. त्यासाठी पोटॅशियमचे कण बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असावा लागतो. तो अडला की ईसीजीवरील ‘क्यूटी’ हे अंतर लांबते. ते फार लांबले, तर पुढचा ठोका पूर्वतयारीआधीच येऊन आदळतो आणि हृदयाचा ताल पीळ घातल्यासारखा बिघडतो. फ्रेंच हृदयतज्ज्ञ देसर्तेन यांनी १९६६ मध्ये या विकृतीला ‘टोर्साद द प्वांत’ असे नाव दिले. रुग्णाला भोवळ येते, शुद्ध हरपते, कधी मृत्यूही येतो.

सोटॅलॉल आणि अ‍ॅमिओडॅरोन ही ठोक्यांची औषधे पोटॅशियमचा हा मार्ग मुद्दामच अडवतात. त्यांचा गुण त्यातच आहे. सिटॅलोप्रॅम आणि एसिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरील औषधे तोच मार्ग थोडासा, नकळत अडवतात. एकेकटे सोसवते ते दोघांचे मिळून सोसवेलच असे नाही. त्यात वय उतरते असेल, रुग्ण स्त्री असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळीने किंवा जुलाबांनी पोटॅशियम घटले असेल, तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये सिटॅलोप्रॅमची कमाल मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅमवर आणली आणि २०१२ मध्ये साठीपुढच्यांसाठी ती २० मिलिग्रॅम सुचवली, ती याच कारणाने.

आता काळजाचा खाटकाकडचा अर्थ. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध स्वतः घेऊन पाहिले. इतरांना फारसे काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र धोकादायकरीत्या कोसळला. औषधाचा निचरा करणारे यकृतातील एक विकर त्यांच्यात जन्मतःच निकामी होते. आज त्याला ‘सीवायपी २डी६’ म्हणतात. फ्लेकेनाइड, प्रोपॅफेनोन आणि मेटोप्रोलॉल या औषधांचा निचरा बराचसा याच विकरावर अवलंबून असतो. आणि नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन व पॅरॉक्सेटिन त्यालाच जखडून ठेवतात. म्हणजे हृदयाच्या गोळीची मात्रा कोणीही वाढवलेली नसते, तरी रक्तातले तिचे प्रमाण वाढते. उलट दिशेनेही हे घडते : क्विनिडिन या ठोक्यांच्या जुन्या औषधाने इमिप्रामिनचा निचरा मंदावतो.

यात काळाचाही खेळ आहे. फ्लुओक्सेटिनचा प्रभाव बंद केल्यावरही काही आठवडे टिकतो, अ‍ॅमिओडॅरोनचा तर महिनोन्‌महिने. त्यामुळे ‘ती गोळी केव्हाच बंद केली’ हे उत्तर पुरेसे नसते. केव्हा केली, हेही डॉक्टरांना कळायला हवे.

मग हृदयरुग्णाने मनाचे औषध घेऊच नये काय? हा निष्कर्ष तितकाच घातक ठरेल. माँट्रियलमध्ये झटक्यानंतरच्या २२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नैराश्य असलेल्यांना सहा महिन्यांत मृत्यूचा धोका अनेक पटींनी अधिक असल्याचे १९९३ मध्ये दिसले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६९ नैराश्यग्रस्त हृदयरुग्णांपैकी काहींना सर्ट्रालिन दिले गेले. त्याने हृदयाचे कार्य वा ताल बिघडल्याचे आढळले नाही. म्हणजे प्रश्न औषध घ्यावे की नाही हा नसून कोणते, किती, आणि कोणाच्या माहितीने, हा आहे.

आपल्याकडे गाडे अडते ते या शेवटच्या शब्दापाशी. हृदयाची फाईल चारचौघांत उघडली जाते. मनाची कपाटात राहते. हृदयतज्ज्ञाने विचारले तरी ‘झोपेची एक साधी गोळी’ एवढेच सांगितले जाते. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात आणि चूक त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडते. ती जागा भरायला सर्व गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहिलेला एक कागद पुरतो. तो दोघांनाही दाखवावा, नवे औषध सुरू होण्याआधी व नंतर ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी हवी का, हे विचारावे, आणि भोवळ आली किंवा शुद्ध हरपली तर वयावर न ढकलता तातडीने रुग्णालय गाठावे. मात्र हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.