दोन थेंबांचं दशक

19 नोव्हेंबर 2025 ला देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानं चाळिशी गाठली. 1985 साली इंदिराजींच्या जयंतीचा मुहूर्त साधून तो सुरू झाला होता. त्याच डिसेंबरात पल्स पोलिओलाही तीस वर्षं पुरी झाली. पालघर जिल्ह्यातल्या आमच्या मोखाड्यात या दोन्हींचं कुणाला फारसं पडलेलं नाही. इथं सध्या विषय एकच, ‘यू-विन’. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी लसीकरणाच्या नोंदींच्या या पोर्टलचं उद्घाटन केलं. कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाळाला भिवंडीत टोचलं तरी नोंद मोखाड्यात दिसेल. पण त्यासाठी नोंद आधी चढली पाहिजे, आणि चढायला रेंज पाहिजे. ओळखीची एक आरोग्य सेविका परवा म्हणाली, “गुरुजी, पोरं टोचायला दुपार पुरते, भरायला रात्र पुरत नाही.” पाड्यावर ती वहीत लिहिते, मुक्कामाला आली की तेच मोबाइलमध्ये चढवते. वरून विचारणा येते ती इतकीच, की नोंदी प्रलंबित का? पोरं किती प्रलंबित आहेत, हे विचारणारा संदेश तिला अजून आलेला नाही.

हे ऐकलं आणि जुनं सगळं वर आलं. कारण लशीपेक्षा लशीच्या कागदाचा घोर जास्त, हे आम्ही एकदा पुरतं भोगलेलं आहे.

कार्यक्रमाची पहिली दहा वर्षं मी झटकन उलटतो. क्षयासाठी बीसीजी, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वातासाठी त्रिगुणी, पोलिओ आणि गोवर, एवढा तो संसार. टप्प्याटप्प्यानं जिल्हे वाढत गेले, फ्रीज आले, फलक लागले. आमच्या भागाकडं राज्याचं लक्ष गेलं ते मात्र फलकांमुळं नव्हे. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, तेव्हा सरकारी गाड्यांची रांग प्रथमच आमचा घाट चढून आली. पुढं 1995 मध्ये नवसंजीवनी योजना आली, तुटपुंज्या मानधनावर पाडा स्वयंसेवक आले. अर्धपोटी पोराला गोवर झाला की तो साधा गोवर राहत नाही. न्यूमोनिया होतो, हगवण लागते, आणि घरचे म्हणतात पोर तापानं गेलं. नवव्या महिन्यात गोवराची सुई आणि सोबत जीवनसत्त्व ‘अ’चा डोस, एवढ्यानं यातली कितीतरी पोरं वाचतात. वावर-वांगणीनंतर या भागात पहिली निकड कशाची होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

आणि नेमका तेव्हा पल्स पोलिओ आला.

डिसेंबर 1995 च्या पहिल्या फेरीत फक्त तीन वर्षांखालची मुलं होती, पुढं पाच वर्षांखालची सगळी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा म्हणजे बूथ, आणि आम्ही गुरुजी मंडळी आयते कार्यकर्ते. टेबल, पिवळं बॅनर, निळी शीतपेटी. डोस पाजला की डाव्या करंगळीला शाई. पुढच्या वर्षांत बूथनंतरचे दिवसही घरोघर फिरायचं, सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घराच्या भिंतीवर खडूनं ‘पी’ काढायचा आणि कुणी राहिलं असेल तर ‘एक्स’. कारवीच्या कुडावर, शेणानं सारवलेल्या भिंतीवर खडू उमटत नाही. मग दाराच्या चौकटीवर काढायचा. अशा कुडांच्या घरांसाठी काय करावं, हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हतं.

सुरुवातीला मला त्याचा अभिमान होता. काम मोठंच होतं. पुढं पुढं तर एका फेरीत देशभर सतरा कोटी मुलं, तेवीस लाख लस पाजणारे हात, टीव्हीवर अमिताभचा दटावणीचा सूर. आमच्या थेंबांची लस परळच्या हाफकिनमधून यायची, म्हणजे घरचीच. पण दोन-तीन हिवाळे गेले आणि एक गोष्ट खटकू लागली. फेऱ्या हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात आमचे पाडे रिकामे. भात कापून झालं, दिवाळी उरकली की कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं उचल घेऊन ट्रकमध्ये बसतात. भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्या, खाडीतली रेती, नाशिककडचे द्राक्षमळे. परततात ती होळीला, काही थेट पावसाच्या तोंडाला. माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर जे गैरहजर, त्यांचीच धाकटी भावंडं बूथच्या यादीतून गायब. उद्दिष्ट मात्र पावसाळ्यातल्या सर्वेक्षणावरून ठरलेलं. मग संध्याकाळी फोन यायचा, आकडा कमी कसा?

तो आकडा कसा वाढायचा, ते लिहायला आता हरकत नाही, सगळे निवृत्त झाले. एका आढावा बैठकीत एका साहेबांनी आमच्या भागाचं काम एकशे दोन टक्के झाल्याचं वाचून दाखवलं आणि टाळ्या मागितल्या. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आरोग्य सहाय्यकानं मला हळूच विचारलं, “वरची दोन टक्के पोरं कुणाची हो, गुरुजी?” साहेबांची पुढं बढती झाली.

पोलिओच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. तो वीटभट्टीवर गेला. जोखमीच्या जागांच्या याद्या झाल्या, त्यात भट्ट्या आल्या, बांधकामं आली, पालं आली. त्याच काळात विधायक संसद या संस्थेनं ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या होत्या, म्हणजे पाटीही तिथं पोचली. मात्र भट्टीवरच्या एकाच पोराला एका हिवाळ्यात दोन-दोन, तीन-तीनदा थेंब मिळायचे आणि गोवराची सुई एकदाही नाही. कारण सुई ही गावच्या उपकेंद्राची जबाबदारी, आणि पोर गावात नव्हतं. होळीला माणसं परतली की आया करंगळी दाखवायच्या. “डोस झाला की, गुरुजी. आता सुई कशाला?” त्यांचं काय चुकलं? इतक्या वेळा, इतक्या वाजतगाजत दिलेली गोष्ट म्हणजेच सगळं लसीकरण, अशी समजूत आम्हीच करून दिली होती.

सुईला नकार देणाऱ्यांना अडाणी म्हणायची पद्धत आहे. भगत, देवीचा कोप वगैरे वर्णनं शहरी पाहुण्यांना आवडतात. भगत आहेत, नाही म्हणत नाही. पण मी ऐकलेलं कारण बहुतेक वेळा हिशेबाचं होतं. त्रिगुणी टोचली की रात्रभर पोर तापतं, रडतं. दुसऱ्या दिवशी आई कामावर जाऊ शकत नाही. मजुरी बुडते. लस फुकट आहे, असं सरकार म्हणतं तेव्हा त्या बुडालेल्या दिवसाचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो?

सरकारचा हिशेबही बाटलीपाशी अडतो. गोवराची आणि बीसीजीची लस पूड असते, द्रावण घालून विरघळवावी लागते, आणि एकदा विरघळली की चार तासांत संपवायची, उरली ती फेकायची. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस. शहरातल्या दवाखान्यात बाटली तासाभरात संपते. इथं एका पाड्यावर नऊ महिन्यांचं बाळ एकच. सेविका सकाळी बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढायची, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबायची, एकेक कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज येतो का पाहायची. कडक गोठलेल्या पिशवीला टेकली तर त्रिगुणी लस वाया जाते. मग पेटी खांद्याला लावून, ओहोळ ओलांडून ती पाड्यावर पोचायची आणि त्या एका बाळासमोर बसायची. एका बाळासाठीही बाटली फोडा, असं नियम सांगतो. महिनाअखेरच्या बैठकीत मात्र लस वाया किती गेली ते विचारतात. ती म्हणायची, पुढच्या खेपेला या, दोन-चार पोरं जमू द्या. पुढच्या खेपेला ट्रक सुटलेला असायचा.

तो काळ मी आजही आकड्यांत मोजतो, कारण तेव्हाच्या साहेबांना आकडेच समजायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सगळ्या मूलभूत लसी मिळालेली एक ते दोन वर्षांची बाळं 1992-93 मध्ये 64.1 टक्के होती, 1998-99 मध्ये 78.4. नंतर 2005-06 मध्ये 58.8 आणि 2015-16 मध्ये 56.2. पुढारलेलं म्हणवणारं राज्य वीस टक्क्यांहून अधिक घसरलं आणि त्याची चर्चाही झाली नाही, कारण सगळे थेंब मोजण्यात गुंतले होते. एकट्या पोलिओच्या माथी हे मारता येणार नाही. पदं रिक्त होती, गाड्यांना डिझेल नव्हतं. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीनं कसौली, कुन्नूर आणि चेन्नईच्या तिन्ही सरकारी लस कारखान्यांचे परवाने एका झटक्यात थांबवले, तेही 2010 पर्यंत. तरीसुद्धा एक सेविका, तिच्यावर अनेक पाडे, आणि वर्षातून कित्येक आठवडे बैठक, सूक्ष्म आराखडा, बूथ, घरभेट, अहवाल. भिवंडी-मुंब्र्याच्या जोखमीपायी ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला ज्यादा फेऱ्या यायच्या. नेहमीचं सत्र कुठल्या दिवशी घ्यायचं तिनं?

पोलिओ गेला. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला, मार्च 2014 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. मला आनंद झाला, खोटं का बोलू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्यातून आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हारला मुख्यालय मिळावं ही मागणी बाजूला पडून मोखाड्यापासून ते शंभरेक किलोमीटरवर गेलं.

नंतरचं झरझर. मिशन इंद्रधनुष, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल. नोव्हेंबर 2018 च्या गोवर-रुबेला मोहिमेत सुई शाळेत आली, ती सगळ्यांत शहाणी गोष्ट. 2019-21 च्या सर्वेक्षणात राज्य 73.5 वर आलं, म्हणजे दोन दशकांनीही 1998-99 च्या खालीच. 2022 मध्ये गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवरानं उचल खाल्ली तेव्हा राज्यभर धावपळ झाली. मुंबईत पोरं दगावल्यावर गोवर हा आजार ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोखाड्याच्याच बोटोशीच्या मर्कटवाडीतल्या एका आईची जुळी बाळं गेली आणि रस्त्याअभावी तिला झोळीतून न्यावं लागलं. मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी देणारा हा तालुका.

आता खर्चाचं. आशाताईला बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं तर 100 रुपये, सत्राला बायका जमवल्या तर 150. पेटी पाड्यावर पोचवणाऱ्यालाही असेच थोडके. हे पैसेही वेळेवर येत नाहीत. मानधनासाठी ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या होत्या. म्हणजे देशाची सगळी लसव्यवस्था शेवटच्या टप्प्यात ज्या बाईच्या पायांवर उभी आहे, तिच्याच चपलेचा खर्च कुणी धरलेला नाही. पोर्टलचा मात्र धरलेला असतो. 2023 मध्ये एकही डोस न मिळालेल्या बाळांच्या संख्येत नायजेरियानंतर जगात भारताचाच क्रमांक होता. अशा बाळांना हल्ली ‘झिरो डोस’ म्हणतात आणि त्यांना शोधायला वेगळ्या मोहिमा निघतात.

शोधायचं काय त्यात? ट्रक कधी सुटतात ते मोखाड्याच्या नाक्यावरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. दिवाळीनंतरचे आठ-पंधरा दिवस, पहाटेची वेळ. उचलीचा हिशेब मुकादमाकडं नावानिशी लिहिलेला असतो, त्यात लेकुरवाळ्या कोण तेही कळतं. त्या दिवसांत नाक्यावर पेटी घेऊन बसा, बाटली एका पोरासाठीही फोडा, बाईच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे हातावर ठेवा, आणि उरलेल्या सुया भट्टीवर द्या. हे मी तेव्हा एका बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. नेहमीच्या लसींचं उद्दिष्ट एप्रिलात ठरतं, सत्रं ठरलेल्या वारी होतात, तक्त्यात ट्रकचा रकाना नाही, असं उत्तर मिळालं. रकाना अजूनही नाही.