टॅब की ई-रीडर? आधी मराठी पुस्तकं कुठं आहेत ते पाहा

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारं बंद केली, तेव्हापासून आपल्याकडच्या घरांतही तीच चर्चा आहे. मुलाच्या हातातला मोबाइल काढायचा, एवढं आईवडिलांचं ठरलेलं असतं. त्याच्या जागी काय द्यायचं, यावर घोडं अडतं. एकजण टॅब सुचवतो, दुसरा किंडलसारखा ई-रीडर.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत या प्रश्नाचं निम्मं उत्तर पावसाळाच देतो. धरण भरून स्वयंचलित दरवाजे उघडू लागतात त्या दिवसांत विजेचा भरवसा नाही, रेंजचा तर नाहीच. अशा वेळी ई-रीडर उजवा ठरतो. त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुप्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या हलक्या झटक्यानं कण वर-खाली सरकतात आणि पान उमटतं. उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पुस्तकं एकदा उतरवून घेतली की नेटवर्क गेलं तरी वाचन चालू. टॅबचा पडदा सतत उजळलेला. दिवसभर वापरला की संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो.

झोपेचाही मुद्दा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात झोपण्याआधी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा उशिरा झोप लागली. माणसं फक्त बारा होती, तीही प्रौढ. पण रात्री अंथरुणात टॅब नको, एवढं सांगायला तो प्रयोग पुरेसा आहे.

म्हणून ई-रीडरच घ्यावा का? दुकानातला माणूस सांगणार नाही अशी अडचण इथं येते. मराठी बालसाहित्याचा सगळ्यात मोठा फुकट खजिना म्हणजे ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. पण ते म्हणजे स्कॅन केलेली पानं आहेत: रंगीत चित्रं, दोन-दोन रकाने, कडेला कोडी. सहा-सात इंची करड्या पडद्यावर ती अक्षरं मुंगीएवढी होतात आणि चित्रांचा जीवच जातो. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफचं तेच. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करायला ई-रीडरला कॅमेरा नाही. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात खरी, पण त्यांत मोठ्यांसाठीचीच जास्त. इंग्रजी वाचणाऱ्या मुलासमोर ई-रीडरमध्ये अख्खं ग्रंथालय उघडतं. मराठी माध्यमातल्या तिसरीच्या मुलीसमोर एक फळी. याचं वाईट वाटतं, आणि दोष यंत्राचा नाही. मराठी प्रकाशकांनी मुलांची पुस्तकं अक्षर लहान-मोठं करता येईल अशा रूपात आणायला हवी होती. अजूनही आणता येतील.

बरं, किंमत. किंडलचा नवा पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा १६,९९९ रुपयांचा होता. त्याहून कमी पैशात साधा टॅब येतो. काही घरांत तर तो आधीच आलेला असतो, कारण दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या पात्र मुलांना ‘महाज्योती’ ही राज्य सरकारची संस्था टॅब देते, सोबत रोजचा सहा जीबी डेटा. मोठ्या भावंडाचा टॅब धाकट्याच्या हाती जायला वेळ लागत नाही, आणि गोष्टीच्या शेजारीच यूट्यूब एका बोटावर असतं.

वाचलेलं किती समजतं, हाही प्रश्न आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांवर वाचक तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, पण निव्वळ गोष्टी वाचताना कागद आणि पडदा यांत फरक दिसला नाही. म्हणजे अभ्यास वहीपुस्तकात आणि कादंबरी ई-रीडरवर, ही वाटणी अगदी वाजवी आहे.

तेव्हा स्पष्टच सांगायचं तर दहा वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच स्वतःचं नको. टॅब असेल तर तो घराचा, बैठकीच्या खोलीत, मोठं माणूस शेजारी बसून ‘किशोर’ उघडण्यासाठी. वेळही ठरलेली हवी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. अख्ख्या गावाला जमलं ते एका घराला जमेल. ई-रीडर घ्यायचा तो पाचवी-सहावीनंतर, आणि मूल हातातलं पुस्तक आपणहून संपवत असेल तरच. तोवर ग्रंथालयाची वर्गणी भरावी. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं देतं आहे.

पैसे घालण्याआधी घरीच एक चाचणी करता येते. ‘किशोर’चा एखादा जुना अंक मोबाइलवर उघडा आणि पडदा करडा करण्याची सोय असेल तर ती चालू करा. ई-रीडरवर तो अंक जवळपास तसाच दिसेल. मग फोन मुलाच्या हातात द्या आणि गोष्ट किती पानं पुढं जाते ते पाहा.