कूलरची परीक्षा

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही विदर्भातल्या एका शाळेत गेलो होतो. दुपारचे जेवण झाल्यावर सगळे शिक्षकखोलीत टेकले. खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर घरघरत होता, पण खोलीतला उकाडा काही हटत नव्हता. कोणी म्हणाले, "मोटर कमजोर झाली." कोणी म्हणाले, "गवत बदला." एकाचे मत पडले, "आता नवीनच घ्यावा." तेवढ्यात नववीतला एक मुलगा बादली घेऊन कूलरमध्ये पाणी ओतायला आला. त्याला एका गुरुजींनी सहज सांगितले, "पत्र्याला हात लावू नको रे, झिणझिण्या येतात."

त्या झिणझिण्यांकडे आपण शेवटी वळणारच आहोत. आधी गारव्याचे पाहू. खोलीत दहा-बारा विज्ञान शिक्षक होते आणि मते तीन होती, पण कोणीही काही मोजले नव्हते. आमच्याजवळ शिबिरासाठी आणलेले दोन तापमापक होते. कूलरची परीक्षा घ्यायला तेवढे पुरतात.

गारवा येतो कुठून?

माठातले पाणी गार का होते, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते. कूलरमध्येही हेच घडते. फरक एवढाच, की इथे पाण्याऐवजी हवा गार करायची असते. तीन बाजूंना वाळ्याच्या, लाकडाच्या किसाच्या किंवा जाड कागदी जाळीच्या ताट्या असतात. टाकीतला छोटा पंप पाणी वर चढवतो, ते वरच्या पन्हळीच्या भोकांतून ताट्यांवर ठिबकत राहते आणि पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो.

साधारण ३० अंश सेल्सिअसला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते. किती थंड? समजा कूलर तासाला २००० घनमीटर हवा फेकतो आणि ती १६ अंशांनी थंड करतो. एवढ्या हवेचे वस्तुमान सुमारे २२०० किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने थंड करायची तर तिच्यातून सुमारे एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे तासाला सुमारे ३५,००० किलोज्यूल. त्याला २४०० ने भागले की उत्तर येते सुमारे १५ लिटर पाणी. दिवसाला दहा तास कूलर चालला, तर १५० लिटर पाणी हवेत जाते. हा आकडा लक्षात ठेवू या, पुढे तो लागणार आहे.

तीन तापमाने, एक गुण

हवा कितीही वेळ ओल्या ताटीशी ठेवली तरी ती एका मर्यादेपलीकडे थंड होत नाही. ही मर्यादा मोजणे सोपे आहे. तापमापकाच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळा, ते स्वच्छ पाण्याने भिजवा आणि त्याला चांगला वारा घाला. पारा उतरत जाऊन एका जागी थांबतो. याला आपण 'ओले तापमान' म्हणू. हवा जितकी कोरडी, तितके ओले तापमान खाली.

आता परीक्षेची कृती. पहिले तापमान कूलरच्या मागे, सावलीत, आत शिरणाऱ्या हवेचे. दुसरे त्याच जागी ओल्या कापडाच्या तापमापकाचे. तिसरे कूलरच्या तोंडाशी, जाळीबाहेर, येणाऱ्या झोताचे. तापमापक पत्र्याला टेकवू नये, काठीला बांधून धरावा. मग पहिल्यातून तिसरे वजा करा, पहिल्यातून दुसरे वजा करा, आणि पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागा. चांगल्या स्थितीतल्या कूलरला या परीक्षेत ७० ते ८० टक्के गुण मिळायला हवेत.

आमच्या शाळेतल्या कूलरचे आकडे असे आले : बाहेरची हवा ४३ अंश, ओले तापमान २३, झोत ३४. वजाबाक्या ९ आणि २०. गुण ४५ टक्के. कूलर जेमतेम पास झाला होता.

हे आकडे आणखीही काही सांगतात. नीट भिजलेल्या ताटीतून येणारी हवा ८० टक्क्यांच्या हिशेबाने २७ अंशांची असायला हवी. २७ अंशांची आणि ४३ अंशांची हवा मिसळून ३४ अंश झाले असतील, तर आत येणारी जवळजवळ ४४ टक्के हवा न भिजताच येत होती. झोत जोरदार होता, म्हणजे मोटर निर्दोष होती. दोष ताट्यांत किंवा पाण्यात शोधायचा होता.

भोके कोणी बुजवली?

प्लग काढून ताट्या उतरवल्या. एक ताटी खडखडीत कोरडी होती. उरलेल्या दोन्हींतला कीस खाली बसून वरच्या बाजूला चार-चार बोटांची फट पडली होती. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते, त्यामुळे अशी लहानशी फटही बरीच हवा आत सोडते. कोरड्या ताटीच्या वरची पन्हळ पाहिली, तर तिची बहुतेक भोके पांढऱ्या खड्यांनी बुजलेली होती.

हे खडे कुठून आले? इथे आपला १५० लिटरचा आकडा उपयोगी पडतो. वाफ होते ती पाण्याची. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असले, तर दिवसाला ७५ ग्रॅम आणि दोन महिन्यांत साडेचार किलोग्रॅम क्षार कूलरमध्ये जमा होतील! टाकी ५० लिटरची धरली आणि आपण नुसतेच वरून पाणी घालत राहिलो, तर एका दिवसात टाकीतले क्षार चौपट व्हायला हवेत आणि आठवड्यात बावीसपट. प्रत्यक्षात ते इतके वाढत नाहीत, कारण त्याआधीच कॅल्शियम कार्बोनेटसारखे क्षार खाली बसू लागतात. ते पन्हळीत, पंपाच्या जाळीवर आणि ताट्यांच्या तंतूंवर साचतात.

म्हणून पहिला नियम : कूलरमध्ये पाणी फक्त भरायचे नसते, काढायचेही असते. पाणी कठीण असेल तर दोन-तीन दिवसांआड टाकीतले उरलेले पाणी पूर्ण सोडून द्यावे. टंचाईच्या गावात हे जिवावर येते. पण ते पाणी फरशी धुवायला किंवा संडासात चालते. झाडांना मात्र घालू नये, कारण त्यात क्षार साठलेले असतात.

साचलेल्या थरावर व्हिनेगर किंवा लिंबूसताचे पातळ द्रावण घातले, की बुडबुडे येतात. हा कार्बन डायऑक्साइड वायू. आम्लाची आणि कार्बोनेटची ही अभिक्रिया वर्गात दाखवायला खडूपेक्षा कूलरचा थर अधिक चांगला! सुटी केलेली प्लॅस्टिकची पन्हळ या द्रावणात तासभर बुडवून ठेवली आणि भोके तारेने मोकळी केली. पत्र्याच्या टाकीत मात्र आम्ल ओतू नये, पत्रा गंजतो. कीस बदलून तो सगळीकडे सारखा पसरला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजले : बाहेर ४२ अंश, ओले तापमान २२, झोत २७. गुण ७५ टक्के. खर्च झाला तो फक्त किसाचा.

गुण चांगले, तरी उकाडा

कधी कधी कूलरला चांगले गुण मिळूनही खोलीत बरे वाटत नाही. अशा वेळी खिडक्या पाहाव्यात. वातानुकूलन यंत्राच्या सवयीने आपण दारे-खिडक्या बंद करतो. कूलर मात्र सतत नवी दमट हवा आत आणत असतो. तिला बाहेर पडायला वाट हवी. वाट नसेल तर आर्द्रता वाढते, घाम वाळत नाही आणि चिकचिक होते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवली, की फरक लगेच कळतो. कूलर खोलीच्या आत ठेवून तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणे तर पूर्णच चूक.

दुसरे कारण हवामान. मुंबईत मे महिन्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओले तापमान २८ अंशांच्या वर असते. उत्तम कूलरही हवा साडेतीन-चार अंशांनीच थंड करील आणि वर दमटपणा वाढवील. जुलैत नागपुरातही हीच गत होते. तो कूलरचा दोष नव्हे, आणि कोणतीही दुरुस्ती त्यावर चालत नाही.

पंखा नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, अशीही तक्रार असते. या मोटरला फिरण्याची सुरुवात करून देण्यासाठी एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर जोडलेला असतो. बहुधा तोच कमजोर झालेला असतो किंवा बेअरिंग जाम असते. पाते हाताने ढकलून पाहण्याचा मोह टाळावा आणि काम कारागिराकडे द्यावे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

त्या झिणझिण्या

आता त्या पत्र्याकडे येऊ. पत्र्याची पेटी, पाण्यात बुडालेला पंप, क्षारयुक्त म्हणून वीजवाहक पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. विजेच्या अपघाताला लागणाऱ्या साऱ्या गोष्टी कूलरजवळ एकत्र असतात. पंपाचे किंवा मोटरचे आवरण खराब झाले, की पत्र्यात वीज उतरते. झिणझिण्या ही त्याची पहिली सूचना असते. काल नुसत्या झिणझिण्या आल्या, कारण हात कोरडे होते किंवा पायात चपला होत्या. आज हात ओला असेल.

'फ्यूज आहे ना!' असे बरेच जण म्हणतात. हिशेब करू. ओल्या अवस्थेत शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. हृदयाला घातक ठरायला याहून कमी प्रवाहही पुरतो. पण ५ अँपिअरची फ्यूजतार त्याने वितळणार नाही. फ्यूज वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसाचे रक्षण करते ती अर्थिंगची तार. पत्रा तिने जमिनीशी जोडलेला असेल, तर गळणारी वीज त्या सोप्या वाटेने जाते आणि मोठा प्रवाह वाहून फ्यूजही उडते. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवावा. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला, की तो क्षणार्धात वीज तोडतो.

शाळेतल्या कूलरला दोनच पिनांचा प्लग होता. अर्थिंगची हिरवी तार कापून आत मुडपून ठेवली होती, कारण भिंतीवरच्या सॉकेटला तिसरे भोकच नव्हते. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी कूलर बंद ठेवला. वायरमनने अर्थिंग तपासून तीन पिनांचे सॉकेट बसवले आणि गळका पंप बदलला. त्यानंतरच आमची दुसऱ्या दिवशीची मोजणी झाली. ही तपासणी मात्र विद्यार्थ्यांकडून कधीही करवून घेऊ नये.

हंगाम संपल्यावर

पहिला पाऊस पडला की कूलर विसरला जातो आणि टाकीत पाणी राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ, साचलेले पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हंगामातही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करावी आणि आतून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही. भिंतींना चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

शाळेतल्या शिक्षकांनी आम्ही निघण्यापूर्वी कूलरशेजारी एक खिळा ठोकला. पाणी भरण्याआधी प्लग काढून तो त्या खिळ्याला अडकवायचा, आणि पाणी मुलांनी नव्हे, मोठ्यांनी भरायचे, असे ठरले. आपल्या शाळेत किंवा घरी कूलर असेल, तर तापमापक हाती घेण्याआधी त्याच्या प्लगला किती पिना आहेत ते पाहून घ्या.