अभियांत्रिकी शिक्षण : खर्च आणि प्राप्ती

तापीच्या मुखाशी वसलेल्या हजीरा येथे आज खत, पोलाद, नैसर्गिक वायू आणि अवजड यंत्रे यांचे प्रचंड कारखाने उभे आहेत. फ्रान्समधील ‘ईटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाचे अजस्र शीतपात्र येथेच घडविले गेले व त्याचे अखेरचे भाग २०२० साली रवाना झाले. असे उद्योग दृष्टीसमोर असता आपल्या पाल्याने अभियंता व्हावे, असे सभासद बंधुभगिनींस वाटणे स्वाभाविक आहे. मात्र माल घेताना आपण जो हिशेब करतो, तो महाविद्यालय निवडताना विसरला जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

समजा, दोन महाविद्यालयांच्या चार वर्षांच्या एकूण खर्चात १२ लाख रुपयांचे अंतर आहे. ही रक्कम दरसाल १० टक्के व्याजाने काढून पदवीनंतर १० वर्षांत फेडावयाची, तर शिक्षणकाळातील व्याज सोडूनही मासिक हप्ता सुमारे १५,८६० रुपये पडतो. अर्थात महागड्या महाविद्यालयाच्या पदवीधराच्या हाती दरमहा निदान तितके अधिक वेतन यावयास हवे. रक्कम घरची असली तरी हिशेब पालटत नाही. कारण पेढीत राहिली असती तर तिनेही कमाई केलीच असती.

आता प्राप्तीची बाजू पाहू. माहितीपुस्तकात बहुधा सर्वांत मोठे वेतन ठळकपणे छापलेले असते. परंतु ते एखाद्याच विद्यार्थ्याचे असते. सरासरीही अशा दोनचार आकड्यांनी फुगते. सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर मध्यभागी येणारा आकडा, म्हणजे मध्यक, हाच विश्वसनीय होय. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी महाविद्यालये हा मध्यक आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या सादर करतात. ही संख्या उत्तीर्णांच्या संख्येशी ताडून पाहावी व आपल्या शाखेचे आकडे निराळे मागावेत.

सुरतेत १९६१ साली स्थापन झालेले सरदार वल्लभभाई महाविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. अशा संस्थांचे वार्षिक शिकवणी शुल्क २०१६ साली ७० हजारांवरून सव्वा लाख रुपये झाले. त्याच वेळी १ लाखाखालील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांस ते पूर्ण, तर १ ते ५ लाखांपर्यंतच्या कुटुंबांस दोन तृतीयांश माफ करण्यात आले. वसतिगृह व भोजन यांचा खर्च अर्थातच निराळा.

येथे आपल्या मराठी कुटुंबांनी एक नियम अवश्य ध्यानी ठेवावा. या संस्थांतील निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि स्वराज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून. मातृभाषेवरून वा मूळ गावावरून नव्हे. पाल्याने सुरतेत बारावी केल्यास सुरतेच्या संस्थेत, आणि जळगाव वा धुळ्यास आजोळी राहून केल्यास नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत त्यास या जागांचा लाभ मिळतो. म्हणून हा विचार दहावीनंतरच व्हावयास हवा.

सार्वजनिक क्षेत्रातील अनेक कंपन्या ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवरून अभियंते निवडतात. ही परीक्षा साध्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासही खुली असते, हेही जमेस धरावे.

काटकसरीपायी उत्तम संस्था सोडावी, असा आमचा आशय नाही. मध्यकातील फरक हप्त्याहून स्पष्टपणे अधिक असेल, तर कर्ज काढूनही तेथेच पाठवावे. तसा नसेल, तर उरलेले १२ लाख पाल्याच्या पुढील शिक्षणास वा स्वतंत्र उद्योगास भांडवल म्हणून उपयोगी पडतील.