गढूळ पाण्यात प्रकाशाची कसोटी

पाण्याखालून बिनतारी संदेश प्रकाशाने पाठवण्याच्या प्रयत्नांना साठ वर्षे उलटून गेली. 1963 साली डंटली यांचा समुद्रातील प्रकाशावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि साधारण 450 ते 550 नॅनोमीटरचा निळा-हिरवा पट्टा समुद्राच्या पाण्यातून सर्वांत दूर पोचतो, हे स्पष्ट झाले. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. ध्वनी कित्येक किलोमीटर जातो, पण सेकंदाला जेमतेम 1500 मीटर वेगाने आणि तुटपुंजी माहिती घेऊन. चलच्चित्र त्याला पेलत नाही. त्यामुळे सगळी आशा प्रकाशावर एकवटली. 2008 मध्ये प्रयोगशाळेतील दोन मीटर पाण्यातून सेकंदाला एक गिगाबिट माहिती गेली; 2010 च्या सुमारास अमेरिकेतील वुड्स होल संस्थेने समुद्रात सुमारे शंभर मीटरवर काही मेगाबिटांचा वेग गाठला. हे आकडे खरे आहेत. मात्र विश्वासार्हता त्यांवरून ठरत नाही, कारण ती यंत्राइतकीच, किंबहुना अधिक, पाण्यावर अवलंबून असते.

याचा पुरावा साध्या गणितात आहे. पाण्यात प्रकाश घातांकी नियमाने घटतो. स्वच्छ महासागरात या घटीचा दर, म्हणजे क्षयगुणक, मीटरमागे सुमारे 0.15, किनाऱ्याजवळ 0.4, तर गढूळ बंदरात 2.2 धरला जातो. दहा मीटरनंतर सरळ जाणारा प्रकाश पहिल्या ठिकाणी 22 टक्के उरतो, दुसऱ्या ठिकाणी दोन टक्क्यांहून कमी आणि तिसऱ्या ठिकाणी एक अब्जांशही नाही. यंत्र तेच, अंतर तेच. बदलले फक्त पाणी.

यावर कोणी म्हणेल, लेसरची ताकद वाढवा, एकेक प्रकाशकण टिपणारे संवेदक लावा. उपाय योग्य आहे, पण त्याची किंमत पाहावी लागते: ताकद दहापट केली, तर स्वच्छ समुद्रात पंधरा मीटर वाढतात, गढूळ पाण्यात जेमतेम एक. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विखुरलेला प्रकाशही ग्राहकापर्यंत पोचतो, त्यामुळे वरचे गणित जरा निराशावादी ठरते. तेही खरे, पण वाकड्या वाटेने आलेला प्रकाश उशिरा पोचतो, स्पंद एकमेकांत मिसळतात आणि वेग उतरतो. अंतर राखायचे तर वेग सोडावा लागतो. वुड्स होलच्या रचनेत प्रकाशाच्या जोडीला ध्वनी होता, तो याच शहाणपणातून: जवळ असताना प्रकाशाने भरपूर माहिती द्यायची, दूर गेल्यावर ध्वनीने निदान संपर्क टिकवायचा.

सोलापूरच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात असते. भिंतीची, दारांची वा गाळाची पाहणी पाण्याखाली फिरणाऱ्या बिनतारी यंत्राने करायची, तर पावसाळ्यात भीमेचा गाळ आडवा येतो आणि उन्हाळ्यात पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ. शेवाळातले हरितद्रव्य नेमका निळा प्रकाश शोषते, म्हणून समुद्रासाठी निवडलेला निळा लेसर इथे डोळे झाकून चालणार नाही. हिरव्याकडे सरकावे लागते, तेही ऋतू बघून. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती कितव्या मीटरला दिसेनाशी होते ते टिपायचे, ही सेक्की यांची 1865 सालची रीत अजूनही उपयोगी आहे. ती क्षयगुणकाची जागा घेत नाही, पण पाण्याचा अंदाज नक्की देते. म्हणून पुढच्या प्रत्येक दाव्यात अंतर आणि वेगाशेजारी पाण्याचा गढूळपणा व महिना लिहिलेला असावा, आणि यंत्राची निवड त्या जलाशयाच्या सर्वांत वाईट दिवसावरून व्हावी.