अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू-निवड : पारख आणि संभाव्यता

‘ड्राफ्ट’ हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. बँकेचा ड्राफ्ट त्याने काढलेला असतो. अर्जाचा ड्राफ्ट कोणा जाणत्याकडून तपासून घेतलेला असतो. अमेरिकेत ह्याच शब्दाचे आणखी दोन अर्थ रूढ आहेत : लष्करातील सक्तीची भरती, आणि व्यावसायिक क्रीडासंघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार केलेली निवड. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या शेवटच्या अर्थाचा, आणि तोही अमेरिकन फुटबॉलपुरताच. (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ हा नव्हे, येथे लंबगोल चेंडू हाती धरून अथवा फेकून पुढे न्यावयाचा असतो.) भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयात शिरावे ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु पुढचे दिसत नसताना माणसे निर्णय कसे घेतात, आणि त्या निर्णयांविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, हे दोन प्रश्न परस्परांपासून फारसे दूर नाहीत. आणि त्या दोहोंचा इतका उघड व वर्षानुवर्षे नोंदलेला पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल.

ही प्रथा सुरू झाली ती दुर्बल संघांच्या रक्षणार्थ. फिलाडेल्फिया ईगल्स ह्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये अशी सूचना मांडली की, महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी संघांनी एकमेकांवर चढाओढीने बोली लावू नये. गतवर्षी जो संघ तळाशी राहिला त्याने प्रथम निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावांशी परिचित असलेल्या वाचकाने हा भेद ध्यानात ठेवावा : लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये क्रमांक. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. त्यांत सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा व्यावसायिक फुटबॉल कधीही खेळला नाही. ह्या संस्थेच्या इतिहासाची ही पहिलीच नोंद पुढील पिढ्यांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती, असे वाटते.

आज संघ ३२ आहेत आणि फेऱ्या ७. प्रत्येक फेरीत प्रत्येक संघास एक निवडहक्क मिळतो, आणि हा हक्क विकता येत नसला तरी अदलाबदलीत देता-घेता येतो. येथेच आपला प्रश्न उद्भवतो. हातातील निवडहक्कांचे संघाने करावे काय? अनेक लहान हक्क देऊन एक मोठा घ्यावा, की मोठा देऊन अनेक लहान घ्यावे?

अदलाबदल करावयाची तर मोजमाप हवे. डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९९१ च्या सुमारास, त्या संघाने एक कोष्टक तयार केले. त्यात पहिल्या निवडहक्कास ३,००० गुण, दुसऱ्यास २,६००, दहाव्यास १,३००, सोळाव्यास १,००० आणि बत्तिसाव्यास ५९० गुण दिले होते. म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी सोळाव्या क्रमांकाचे तीन हक्क द्यावे लागतील, आणि बत्तिसाव्याचे तर पाच. हे कोष्टक खेळाडूंच्या कामगिरीवरून काढलेले नव्हते. संघ पूर्वी कोणत्या भावाने व्यवहार करीत आले होते ते त्यात उतरविले होते. परंतु बाजारात एकदा भाव छापून आला म्हणजे तोच मूल्य समजला जातो. पुढे अन्य संघांनीही हेच कोष्टक समोर ठेवून देवघेव केली.

ह्या भावास आधार आहे काय, ह्याची तपासणी केड मॅसी आणि रिचर्ड थेलर ह्या दोन संशोधकांनी केली. (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांचा निबंध प्रथम २००५ मध्ये प्रसृत झाला व २०१३ मध्ये नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. एका खेळाडूवर अधिक खर्च केला की दुसऱ्यावर कमी करावा लागतो. म्हणून खेळाडूचे संघास असलेले मूल्य म्हणजे त्याची कामगिरी नव्हे, तर कामगिरीतून त्याचे वेतन वजा जाता जे उरते ते. ह्या मापाने पाहता सर्वाधिक लाभ देणारे निवडहक्क पहिल्या फेरीच्या आरंभी नसून तिच्या अखेरीस आणि दुसऱ्या फेरीत आढळले. ज्या संघांना साहाय्य म्हणून अग्रक्रम दिला जातो, त्यांच्या पदरी प्रत्यक्षात महागडी वस्तू पडते. निबंधाचे शीर्षकच ‘पराभूताचा शाप’ अशा अर्थाचे आहे.

ह्या निष्कर्षास एक मर्यादा सांगितली पाहिजे. २०१० मध्ये प्रथम निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार ६ वर्षांचा व ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा होता. २०११ च्या सामूहिक करारानंतर नवागतांचे वेतन क्रमांकानुसार ठरविण्यात आले, आणि त्या वर्षी प्रथम निवडला गेलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे सुमारे २ कोटी २० लक्ष डॉलर मिळाले. आरंभीचे हक्क त्यामुळे स्वस्त झाले, आणि युक्तिवादाचा वेतनाकडील भाग तितका तीव्र राहिला नाही. त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र वेतनावर अवलंबून नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. एकाच जागी खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला हा नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण शेकडा ५० हून किंचितच अधिक निघाले. नाणे उडविले असते तर ५० मिळालेच असते.

हे ऐकून निवडकर्ते अडाणी आहेत असा ग्रह करून घेणे चूक ठरेल. पहिल्या फेरीतील खेळाडू सरासरीने सहाव्या फेरीतील खेळाडूंपेक्षा निश्चितच सरस असतात. ढोबळ प्रतवारी त्यांना साधते. साधत नाही ते प्रतीच्या आतले बारीक क्रम लावणे. आणि भाव मोजला जातो तो नेमका ह्या बारीक क्रमासाठी.

एक उदाहरण विस्ताराने पाहू. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघास रॉबर्ट ग्रिफिन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा व चढाईचे सूत्रचालन करणारा खेळाडू, हवा होता. त्यासाठी सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर यावयाचे होते. ह्या चार पायऱ्यांसाठी त्या संघाने सेंट लुइस रॅम्सला त्या वर्षीचे पहिल्या व दुसऱ्या फेरीचे हक्क आणि पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दिले. ग्रिफिनचे पहिले वर्ष देदीप्यमान गेले. परंतु जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली, आणि २०१५ च्या साखळी सामन्यांत तो एकदाही मैदानात उतरला नाही. त्या वर्षी त्याच्या जागी खेळत होता कर्क कझिन्स. ह्यालाही वॉशिंग्टननेच २०१२ च्या त्याच ड्राफ्टमध्ये, चौथ्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर निवडले होते! डिसेंबर २०१४ मध्ये हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा रॅम्सने नाणेफेकीसाठी सहा कर्णधार पाठविले. हे सहाही जण त्या देवघेवीत मिळालेल्या हक्कांतून निवडलेले होते. सामना रॅम्सने २४-० असा जिंकला.

कथा येथे थांबविली तर बोध सरळ निघतो. परंतु ती येथे थांबत नाही. इतके हक्क मिळूनही रॅम्सला त्या वर्षांत एकाही हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळाले नाहीत. २०१४ मध्ये वॉशिंग्टनकडून आलेला हक्क दुसऱ्या क्रमांकाचा ठरला. त्यावर रॅम्सने ग्रेग रॉबिन्सनला घेतले, आणि तो अपेक्षेस उतरला नाही. त्याच दिवशी, आपल्या स्वतःच्या तेराव्या क्रमांकावर, त्यांनी आरन डॉनल्डला घेतले. तो त्या पिढीतील श्रेष्ठ बचावपटूंत गणला गेला. निवडणारी माणसे तीच, अहवाल तेच, दिवस तोच. मग डॉनल्डच्या बाबतीत त्यांना ‘पारख होती’ आणि रॉबिन्सनच्या बाबतीत ‘नव्हती’ असे म्हणावयाचे काय?

येथे शब्दांकडे वळणे भाग आहे. ‘पारख’ हा शब्द आपल्याकडे सराफीतून आला आहे. सोन्याचा कस सोन्यात अगोदरच असतो. पारखी माणूस तो केवळ ओळखतो. एकवीस-बावीस वर्षांच्या खेळाडूचे तसे नाही. त्याचा गुडघा, त्याला मिळणारा प्रशिक्षक, त्याच्या पुढे उभा राहणारा सहकारी, ह्यांतले काहीच निवडीच्या दिवशी अस्तित्वात आलेले नसते. त्याची निवड ही सराफाच्या कामापेक्षा शेतकऱ्याच्या बियाणे निवडण्याला अधिक जवळची आहे. आणि शेतकरी एकाच दाण्यावर हंगाम लावीत नाही. तथापि क्रीडावृत्तांत ओळखण्याचेच क्रियापद चालते. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला व पुढे ७ अजिंक्यपदे जिंकला; म्हणून न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला ‘ओळखले’ असे लिहिले जाते. परंतु त्याच संघाने त्या वर्षी ब्रेडीच्या अगोदर आणखी ६ जण निवडले होते. ज्याला ओळखले त्याला कोणी १९९ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहावयास लावील काय? खरे क्रियापद ‘लाभला’ हे आहे. श्रेय द्यावयाचेच तर ते सहाव्या फेरीतही निवडहक्क हाती राखून ठेवल्याचे द्यावे.

अधिक माहिती गोळा केल्याने ही अडचण दूर होईल, असा समज स्वाभाविक आहे. संघ त्यासाठी काय करीत नाहीत! खेळाडूंची धाव सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली जाते, मुलाखती होतात, चित्रफिती पुनःपुन्हा पाहिल्या जातात. पॉल स्लोविक यांनी घोड्यांच्या शर्यतींचे भाकीत करणाऱ्या ८ तज्ज्ञांवर केलेला प्रयोग ह्या संदर्भात उद्बोधक आहे. प्रत्येक घोड्याविषयीच्या माहितीच्या बाबी ५ वरून टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत वाढविल्या. भाकितांचा अचूकपणा होता तेथेच राहिला; वाढला तो तज्ज्ञांचा आत्मविश्वास. निवडकर्त्याच्या अहवालातील ‘हा खेळाडू नेतृत्व करील’ ह्या वाक्यात भविष्यकाळ आहे, पण शंका नाही. मराठीत ‘करील’ आणि ‘करू शकेल’ हे दोन प्रयोग आपण सहज वेगळे ठेवतो. माझी एक साधी सूचना आहे : अहवाल लिहिणाऱ्यास प्रत्येक ‘करील’ पुढे शंभरांत किती वेळा, हा आकडा घालावयास लावावे. तीन वर्षांनी तो आकडा पडताळता येतो. विशेषणे पडताळता येत नाहीत.

तर संघाने वागावे कसे? समान भावात मिळत असतील तर एका वरच्या हक्काऐवजी दोन खालचे घ्यावे. यंदाच्या हक्कासाठी पुढच्या वर्षीचा हक्क देऊ नये. उलट तो मागून घ्यावा. ह्या दुसऱ्या गोष्टीचा लाभ फार मोठा आहे. संघ अधीर असल्याने यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या हक्कासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क देण्यास तयार होतात. मॅसी-थेलर यांच्या हिशेबाने हा व्याजाचा दर वर्षाला शेकडा १३६ पडतो. आपल्याकडील कोणत्याही सावकारास हेवा वाटावा असा हा दर आहे.

गरज पाहून निवडावे की उपलब्धांतील सर्वोत्तम निवडावा, हा वाद जुना आहे. बॉल्टिमोर रेव्हन्स संघाने १९९६ मधील आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्याचे उत्तर दिले. संघास रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, हवा होता, आणि डावीकडचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठराखण करणारा, अगोदरच होता. तरीही ऑझी न्यूसम यांनी चौथ्या क्रमांकावर टॅकल जोनाथन ऑग्डन यालाच घेतले व पहिले वर्ष त्याला शेजारच्या जागी खेळविले. त्याच फेरीत २६ व्या क्रमांकावर त्यांनी रे लुइसला घेतले. दोघेही पुढे ह्या खेळाच्या सन्मानमंदिरात गेले. गरज ही एका वर्षाची असते, करार चार वर्षांचा; ज्या जागेची आज चणचण आहे तेथे दोन वर्षांनी गर्दी असू शकते.

क्वार्टरबॅकचा अपवाद मात्र मान्य करावा लागतो. ती एकच जागा अशी आहे की तेथील उणीव अन्य कोणी भरून काढू शकत नाही. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर येण्यासाठी पुढील वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्कही दिला व पॅट्रिक महोम्सला घेतले. ह्या व्यवहाराबद्दल त्यांना पश्चात्ताप करावा लागला नाही. परंतु त्याच वर्षी शिकागोने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी आणखी तीन हक्क दिले आणि महोम्स उपलब्ध असताना मिच ट्रुबिस्कीला घेतले. अपवादातही नाणे तेच आहे. फक्त छाप पडली तर बक्षीस मोठे.

हे सर्व ज्ञात असूनही व्यवहार का बदलत नाही? एक कारण असे की, पुढच्या वर्षीचा हक्क ज्याने राखून ठेवावयाचा तो व्यवस्थापक वा प्रशिक्षक पुढच्या वर्षी पदावर असेलच असे नाही. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स ह्या एका रनिंग बॅकसाठी त्या वर्षीचे आपले सर्व हक्क आणि पुढील वर्षीचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्क देऊन टाकले. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. परंतु संघाने १६ पैकी ३ सामने जिंकले आणि डिटकांना जावे लागले. ते सर्व हक्क ज्याच्या पदरात पडले तो संघ वॉशिंग्टन होता. तेरा वर्षांनी ग्रिफिनसाठी हक्क उधळणारा संघ तोच, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

शेवटी ह्या विवेचनास बाध आणणारे एक उदाहरण नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. रॅम्स २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेले. २०१७ ते २०२३ ह्या सात वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. ते हक्क अदलाबदलीत देऊन ते बहुधा नावाजलेले अनुभवी खेळाडू घेत राहिले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी अजिंक्यपद मिळविले. मात्र खालच्या फेऱ्यांतील निवड त्यांनी सोडली नव्हती. त्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरलेला कूपर कप हा त्यांनी २०१७ मध्ये, तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर घेतलेला होता.