सूर प्रार्थनेचे – १४ : सहा स्वरांची संध्याकाळ

  नगरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि माझा सगळा आठवडा त्यातच गेला. ते विचारतात, ‘बीटिंग रिट्रीटला वाजायची ती गांधीजींची आवडती ‘अबाइड विथ मी’ची चाल लाइटचीच ना?’

नाही. शब्द लाइटचे, चाल मंकची. आणि लाइटच्या कानावर ही चाल कधी पडलीच नाही.

हेन्री फ्रान्सिस लाइट हा डेव्हनमधल्या ब्रिक्सम या कोळ्यांच्या बंदरगावातला धर्मगुरू. क्षयाने खंगलेला हा माणूस नोव्हेंबर १८४७ मध्ये नीसला वारला. आपल्या गीताला त्याने स्वतः चाल लावली होती, ती मागे पडली. पुढे १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा संग्रह निघाला. त्याचा संगीत-संपादक विल्यम हेन्री मंक. या गीतासाठी त्याने नवी चाल बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘इव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ. ही चाल त्याने दहा मिनिटांत लिहिली, अशी एक कथा फिरते. मंकच्या पत्नीची म्हणून सांगितली जाणारी आठवण वेगळी आहे : दुःखाचे दिवस होते, दोघं रोज सूर्यास्त पाहत उभी राहत आणि तशाच एका संध्याकाळी ही चाल सुचली. मला दुसरी पटते. त्याचं कारण पेटीवर सापडतं.

ही चाल मी पेटीवर पहिल्यांदा काढली तेव्हा बोटं सा ते ध यांच्यातच फिरत राहिली. खाली सा, वर ध, बस्स. निषाद नाही, तार षड्ज नाही. सुरुवात गंधारावर, तिथे जरा थांबून रे, मग सा, आणि तिथून एकदम पंचमावर उडी. खाली बसलेल्या माणसाने मान वर करून पाहावं, तशी ही उडी वाटते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी क्षणभर तीव्र मध्यम लागतो. त्या एका काळ्या पट्टीने सगळा उजेड बदलतो. चौथी ओळ मात्र मुकाट्याने षड्जावर उतरते.

स्वरांचा पल्ला एवढा आखूड असल्यामुळे ज्याला गाता येत नाही त्यालाही ही चाल झेपते. इंग्लंडमध्ये १९२७ पासून एफए कपच्या अंतिम सामन्याआधी अख्खं मैदान ती गातं. आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कला थेलोनियस मंक या जॅझवाल्याने आपल्याच आडनावाच्या या रचनाकाराची चाल ‘मंक्स म्युझिक’ या तबकडीच्या आरंभी ठेवली. मिनिटभराचंही वादन नाही. त्यात फक्त चार फुंकवाद्यं आहेत, कोल्ट्रेन आणि कोलमन हॉकिन्स त्या चौघांतले. मंकचा स्वतःचा पियानोसुद्धा नाही. चाल जशी छापलेली, तशीच. इतक्या मोठ्या वादकांनी तिच्यात एक हरकत घेतली नाही, हा मला तिचा सर्वांत मोठा सन्मान वाटतो.

आपल्याकडे २९ जानेवारीच्या संध्याकाळी विजय चौकात बीटिंग रिट्रीटला ती वर्षानुवर्षं वाजली. २०२२ पासून कार्यक्रमातून गेली. मला ती तिथे हवी होती.

पत्रलेखक, घरी पेटी असेल तर दिवेलागणीला एकदा वाजवून पाहा. लय संथ ठेवा आणि तो तीव्र मध्यम घाईने सोडू नका.